पहिली क्लासिक गाडी घेताय? मॉडेल नंतर, नग आधी

प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. पहिलीच क्लासिक गाडी घ्यायचीय, ऑइल बदलणं आणि प्लग साफ करणं याच्यापुढे कधी हात घातलेला नाही, एका गाडीपुरती झाकलेली जागा आहे, वापर म्हणजे सुट्टीच्या सकाळची चक्कर आणि अधूनमधून घरच्यांना घेऊन लांबचा रस्ता. समोर दोन गाड्या आहेत. एक जॅग्वार एक्सजे६, सिरीज २, काही वर्षं एका जागी उभी, मालक म्हणतो "इंजिन फिरतंय, थोडं पत्र्याचं काम बाकी आहे". दुसरी एमजीबी जीटी, रंग उडालेला, सीटा फाटलेल्या, पण चालती, मालक अजून वापरतो. आणि जीटीची किंमत त्या जॅग्वारच्या जवळजवळ दुप्पट. कुठली घेऊ?

जीटी घ्या, पण खालून पत्रा चांगला निघाला तरच. नाही निघाला तर दोन्ही सोडा आणि अजून शोधा. आता हे असं का ते जरा लांबण लावून सांगतो, कारण हाच प्रश्न गाड्यांची नावं बदलून माझ्याकडे सारखा येतो आणि जवळजवळ प्रत्येक वेळी विचारणारा मॉडेलांची तुलना करत असतो. जॅग्वार चांगली का एमजी, बीटल का मिनी, आल्फा भरवशाची का नाही. ही तुलना करायला मजा येते हे मान्य, मी पण तासन्‌तास करतो. पण ५० वर्षांनंतर एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांमध्ये जेवढा फरक पडलेला असतो तेवढा दोन वेगळ्या मॉडेलांमध्ये नसतो हो. एकाच आठवड्यात एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन गाड्या, एक कोरड्या हवेत एका माणसाच्या हातात राहिली आणि दुसरी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर सहा मालकांनी हाणली, त्या आता दोन वेगळ्या गाड्या आहेत. म्हणून मॉडेल ठरवा ढोबळ, आणि मग डोकं लावा ते त्या एका नगावर.

आणि नग ओळखायचा पत्र्यावरून. इंजिनावरून नाही. नवीन माणूस नेमका उलटा जातो, बोनेट उघडतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, खूश होतो आणि पैसे देतो. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, सस्पेन्शन ही सगळी सुटी होणारी कामं आहेत, काढलं, बांधलं, बसवलं, आणि खर्च किती येईल याचा अंदाज काम सुरू करायच्या आधी बऱ्यापैकी बांधता येतो. पत्र्याचं तसं नाही. पत्र्याचं काम उघडल्यावर कळतं. बाहेरून बोटाएवढं भोक दिसतं, कापायला घेतलं की आतला पत्रा गेलेला, त्याच्या आतला गेलेला, आणि वेल्ड धरायला चांगली कड मिळेपर्यंत वीतभर कापावं लागतं. शिवाय हे तासांचं काम आहे, पार्ट स्वस्त मिळाला तरी माणसाचे तास स्वस्त होत नाहीत. "इंजिन फिरतंय, थोडं पत्र्याचं काम बाकी आहे" या वाक्याचा अर्थ तुम्हीच लावा आता.

त्या जॅग्वारबद्दल आधी बोलून मोकळा होतो, कारण तुमचं मन तिच्यावर आहे हे प्रश्नातच दिसतंय. गाडी अप्रतिम आहे, वाद नाही. १९६८ला एक्सजे६ आली तेव्हा एवढी शांत आणि एवढी मऊ चालणारी सलून त्या पैशात दुसरी नव्हती, आणि त्यातलं एक्सके इंजिन १९४८ पासूनचं, ट्विन कॅम सरळ सहा सिलिंडर, नीट ठेवलं तर खूप चालतं. पण बघा काय काय आहे तिच्यात. पेट्रोलच्या टाक्या दोन, मागच्या दोन्ही मडगार्डांच्या आत एकेक, दोन्हीला वेगळी टोपी, आणि गाडी उभी राहिली की दोन्ही आतून गंजतात. मागचे डिस्क ब्रेक चाकाजवळ नाहीत, ते आत डिफरन्शियलला चिकटून आहेत, त्यामुळे ब्रेकची उष्णता डिफच्या ऑइल सीलला लागते, सील कडक होऊन गळायला लागतं, ते ऑइल डिस्कवर, आणि काम नीट करायचं तर अख्खा मागचा सबफ्रेम (चाकं आणि डिफरन्शियल धरणारा सांगाडा) खाली उतरवा. मागच्या रेडियस आर्म (मागची चाकं धरणारे दांडे) जिथे फ्लोअरला बसतात तिथला पत्रा जातो, सिल (दाराखालून जाणारा पत्र्याचा पट्टा) जातात, काचेच्या कडेचा पत्रा जातो. यातलं एकेक काम जमणारं आहे. पण हे सगळं एकत्र, आणि पहिल्याच गाडीत, आणि माणूस अजून पाने ओळखायला शिकतोय? अर्धी उघडलेली गाडी, डब्यात भरलेले नटबोल्ट, आणि दोन वर्षांनी "अर्जंट विकणे आहे, काम ८०% पूर्ण". असल्या जाहिराती तुम्ही वाचल्याच असतील.

अजून एक. महागड्या गाडीची किंमत पडते पण तिच्या पार्टची आणि कामाची किंमत पडत नाही. नवी असताना जी गाडी श्रीमंतांची होती ती जुनी झाली, स्वस्तात मिळाली, तरी सांभाळायला ती श्रीमंतांचीच गाडी राहते. जुनी जॅग्वार, जुनी १२ सिलिंडर काहीही, जुनी पोर्शे ९२८, सगळ्यांना हा नियम लागू. याउलट जी गाडी मुळात साध्या माणसासाठी बनली, लाखांनी विकली गेली, रस्त्याच्या कडेला दुरुस्त व्हावी अशीच जिची रचना केली होती, ती आजही तशीच वागते. पहिल्या गाडीसाठी या दुसऱ्या गटात रहा.

या गटात निवड भरपूर आहे. फोक्सवॅगन बीटल, दोन कोटी दहा लाखांच्या पुढे बनल्या, शेवटची २००३ला मेक्सिकोत पुएब्लाच्या कारखान्यातून निघाली, त्यामुळे पार्टची चिंता जवळजवळ नाही. मूळ मिनी, १९५९ ते २०००. मॉरिस मायनर, मिनीच्याच रचनाकार अॅलेक इसिगॉनिसने आधी केलेली, माझ्या मते शिकायला याच्याएवढी सोपी गाडी क्वचितच, फक्त ट्रॅव्हलर मॉडेल घेताना सावध, मागचं ते लाकूड शोभेचं नाही, गाडीचा मागचा भाग त्याच्यावरच उभा आहे, लाकूड कुजलं की तो पत्रा गंजल्यासारखाच प्रकार. ट्रायम्फ स्पिटफायर, वेगळी चेसिस, आणि अख्खं बोनेट मडगार्डांसकट पुढे उघडतं, टायरवर बसून इंजिनाचं काम करा. एमजीबी. वोल्वो अॅमेझॉन. पहिली फोर्ड मस्टँग. आणि नवीन बाजूला यायचं तर माझदा एमएक्स-५ची पहिली पिढी, १९८९ ते १९९७, जिच्या सुरुवातीच्या गाड्या आता अर्थातच क्लासिक आहेत. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, फिव्हाची, व्याख्या ३० वर्षांची आहे, ज्यांना एमएक्स-५ला क्लासिक म्हटलं की राग येतो त्यांनी कॅलेंडर बघावं :)

एमजीबीचा पार्टचा पुरवठा तर वेगळ्याच पातळीवर आहे. १९६२ ते १९८०, रोडस्टर (उघड्या छताची) आणि जीटी (बंद छताची) मिळून पाच लाखांच्या वर बनल्या, आणि १९८८ पासून तर मूळ डाय वापरून दाबलेल्या अख्ख्या नव्या बॉड्या बनवायला लागले. म्हणजे कागदावर तुम्ही कॅटलॉगमधून गाडी जमवू शकता. पण म्हणून "पार्ट मिळतात ना, मग गंजकी घेतली तरी चालेल" असा हिशोब करू नका. पार्ट मिळणं आणि ते सरळ रेषेत वेल्ड होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि कुठल्याही मॉडेलचा पार्टचा पुरवठा बघताना पिस्टन-बेअरिंग मिळतं का ते बघू नका, ते बहुतेक मिळतंच. पुढची काच, दाराची रबरं, मागच्या लाइटच्या लेन्स, डॅशबोर्डची ट्रिम, मीटर, हे मिळतं का ते विचारा. गाडी महिनोन्‌महिने अडकून पडते ती असल्या गोष्टींनी.

आता तुमचं "घरच्यांना घेऊन". जीटीची मागची सीट नावाला आहे, अगदी लहान पोरं बसतील, मोठा माणूस नाही. आणि लहान पोरांना घेऊन जायचं तर त्यांची सीट बांधायला मागे पट्टे आहेत का, असले तर कशाला बोल्ट केलेत, हे आधी बघा. हा विचार घरी बसून करा, गाडी दारात आल्यावर नाही. खरंच चार जणांनी लांब जायचं असेल तर अॅमेझॉन किंवा मर्सिडीज डब्ल्यू१२३ बघा. वोल्वोने तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट १९५९ पासूनच द्यायला सुरुवात केली, त्या काळात बाकीचे याचा विचारही करत नव्हते. डब्ल्यू१२३, १९७६ला आलेली, २६ लाखांच्या वर बनल्या, चालवायला आजच्या गाडीच्या बरीच जवळ. तिच्यात एक गंमत आहे, दारांची लॉकं आणि डिझेलमध्ये तर इंजिन बंद करणं सुद्धा व्हॅक्युमवर चालतं, त्यामुळे कुठे बारीक पाइप चिरला तर चावी काढून घेतली तरी इंजिन आपलं चालूच. पहिल्यांदा बघणारा घाबरतो. काम किरकोळ आहे.

बरं, जीटी बघायला जाल तेव्हा काय करायचं. हे जरा तपशिलात सांगतो कारण बाकी गाड्यांनाही पद्धत हीच, फक्त गंजायच्या जागा बदलतात.

जायच्या आधी मालकाला फोन करून सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर पहिलं काम, गप्पा मारता मारता बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर का गरम आहे ते विचारा. थंड इंजिन सुरू होताना जे सांगतं ते गरम झाल्यावर लपवतं. चोक ओढून किती सेल्फ मारावे लागतात, पहिल्या क्षणी खालून ठोका येतो का आणि ऑइल प्रेशर चढल्यावर तो जातो का, धूर कुठल्या रंगाचा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. उतारावर अॅक्सिलरेटर सोडून परत दाबल्यावर निळा फवारा आला तर बहुतेक व्हॉल्व गाइड किंवा सील, जोर लावताना सतत येत असेल तर रिंग-पिस्टनकडे बोट जातं. थंडीत पांढरी वाफ काही मिनिटं निघते ते सोडून द्या, पण इंजिन पूर्ण तापल्यावरही पांढरा धूर आणि पाणी कमी होतंय म्हणजे हेड गॅस्केट किंवा त्याहून वाईट. ऑइल भरायच्या टोपीच्या आत पांढरट साय दिसली तरी तेच मनात आणा, पण छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानेही थोडी साय धरते, त्यामुळे तेवढ्यावरून निकाल नको. एमजीबीच्या कारखान्याच्या मॅन्युअलप्रमाणे ऑइल प्रेशर धावताना ५० ते ८० पीएसआय आणि आयडलला १० ते २५, हे पूर्ण गरम झाल्यावर बघायचं. थंड असताना सगळ्यांचं चांगलंच दिसतं.

पण हे झालं इंजिन, आणि मी वर काय म्हणालो, इंजिन दुय्यम. बोनेट बंद करा आणि गुडघ्यावर बसा.

एमजीबीला वेगळी चेसिस नाही, बॉडीच चेसिस, आणि दोन्ही बाजूंची सिल ही तिची कंबर. सिल एक पत्रा नाही. बाहेरचा पत्रा, मध्ये उभा पडदा, आतला पत्रा आणि खाली लांब कॅसल रेल, असे थर आहेत, आणि ही सिल दाराच्या लांबीपुरती नसते, पुढे मडगार्डच्या आत आणि मागे मागच्या पॅनेलच्या आत जाते. नीट बदलायची तर पुढचं मडगार्ड काढावं लागतं आणि मागच्या पॅनेलचा खालचा भाग कापावा लागतो. स्वस्तातलं काम म्हणजे दिसणाऱ्या भागावर, दाराखाली, नवा पत्रा वरून चिकटवायचा आणि काळा जाड रंग फासायचा. बाहेरून गुळगुळीत, आतमध्ये काही नाही. म्हणून टॉर्च घेऊन पुढच्या चाकाच्या मागून मडगार्डच्या आत बघा, तिथे चिखल साचून बसलेला असेल तर मागचा पत्रा कुजलेलाच धरा. गाडीखाली झोपून कॅसल रेल पूर्ण लांबीत बघा, जुनी शिवण, फॅक्टरीचे स्पॉट वेल्डचे गोल ठिपके दिसतात का, का नुसतीच वेल्डिंगची ओबडधोबड रेघ आहे. ताजं जाड अंडरकोट दिसलं तर मी आधी संशयच घेतो. मालकाची परवानगी घेऊन स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका, चांगला पत्रा टणटण वाजतो, कुजका भद्द वाजतो, भरलेला अजिबात वाजत नाही.

मग दारं. दाराच्या वरच्या आणि खालच्या कोपऱ्यातली फट सारखी आहे का. दार उघडून टोकाला धरून वर उचला, बिजागरीत प्ले असेल तर कळतो. मग जॅक लावायची जागा नीट बघून गाडी जॅकवर एका बाजूने थोडी उचला आणि तेच दार परत उघडा-लावा. फट बदलली, दार अडकायला लागलं, तर कंबर मोडलेली आहे, नमस्कार करून घरी या. रोडस्टरमध्ये हे जास्त स्पष्ट दिसतं, जीटीला छप्पर धरून ठेवतं त्यामुळे जीटीत दार ठीक लागलं म्हणून सिल ठीक असं समजू नका.

पुढच्या सीटांच्या पाठीमागे फ्लोअरला झाकण आहे, ते उघडायला लावा. १९७४च्या मॉडेल बदलापर्यंत यात १२ व्होल्टची एक बॅटरी नसायची, ६ व्होल्टच्या दोन असायच्या, दोन्हीकडे एकेक खोका. आता बहुतेकांनी एकच १२ व्होल्टची टाकलेली असते, ते ठीक आहे, पण ते खोके अॅसिडने खाल्लेले असतात आणि शेजारीच मागच्या लीफ स्प्रिंगचा पुढचा हँगर आहे. हँगरच्या आजूबाजूला पत्र्यात खपल्या दिसल्या तर काम मोठं. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून मडगार्डच्या खालच्या कडांवरून फिरवा, जिथे धरत नाही तिथे पुट्टी. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तम, कारखान्याचा रंग साधारण शे-दीडशे मायक्रॉन, परत रंगवलेला त्याच्या दुप्पट-तिप्पट, आणि आकडा हजारच्या पुढे गेला की खाली पत्रा नाही, मूर्तिकाम आहे.

बाकी गाड्यांचं पटकन. बीटलला फ्लोअर, त्यातही मागच्या सीटखाली बॅटरीच्या जागेचा, आणि दाराखालच्या हीटर चॅनेल, ज्या गरम हवा पण नेतात आणि बॉडी पण धरतात. मिनीला मागचा सबफ्रेम. सिट्रोएन २सीव्हीला चेसिस. मस्टँगला काचेखालचा काउल, पाऊस पडला की पाय ठेवायच्या जागी पाणी. एमएक्स-५ला छताच्या मागच्या कोपऱ्यातल्या पाणी जायच्या नळ्या तुंबतात आणि सिल आतून कुजतं, बाहेर काही दिसत नाही. बीएमडब्ल्यू २००२ला मागच्या शॉकअॅब्सॉर्बरच्या वरच्या जागा डिकीतून बघा.

तुमच्या जीटीचा रंग उडालाय आणि सीटा फाटल्यात हे ऐकून मला उलट बरं वाटलं. उडालेला जुना रंग काही लपवत नाही. नवाकोरा चकाचक रंग, विकायच्या आधी महिनाभर मारलेला, त्याला मी जास्त घाबरतो. सीटा म्हणजे सुट्टीत करायचं काम आहे, एमजीबीचे कव्हर तयार मिळतात.

आणि "मालक अजून वापरतो" हे तर किमतीत मोजावं इतकं महत्त्वाचं. उभी गाडी सुरक्षित असते असं लोकांना का वाटतं माहीत नाही. उभ्या गाडीत पेट्रोलचा डिंक होतो, ब्रेकचे सिलिंडर जाम होतात, क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते, सील वाळतात, टायर एका जागी चपटे होतात, उंदीर वायरिंग खातात. चालत्या गाडीचे रोग दिसतात, उभ्या गाडीचे तुम्ही ती रस्त्यावर आणल्यावर एकेक करून बाहेर येतात. अमेरिकेतल्या अर्व्ह गॉर्डनने १९६६ची वोल्वो पी१८००एस ३० लाख मैलांच्या पुढे नेली, ती काही जादूची गाडी नव्हती, तो ती रोज चालवायचा आणि ठरलेल्या वेळी सर्व्हिस करायचा.

कागद. चेसिस नंबर गाडीवर आणि कागदावर स्वतः वाचून ताडून बघा, प्लेटचे रिवेट उपटून परत मारलेले वाटतात का तेही. जुनी बिलं, वेल्डिंग चालू असतानाचे फोटो मागा, फोटो असतील तर "पूर्ण रिस्टोअर केली" यावर विश्वास ठेवता येतो, नसतील तर ते नुसतं बोलणं. एमजी, मॉरिस, ऑस्टिन यांच्यासाठी ब्रिटिश मोटर म्युझियम मूळ उत्पादन नोंदींवरून हेरिटेज सर्टिफिकेट देतं, मूळ रंग, कुठे पाठवली, कधी बनली, असं त्यात येतं. मालकी, आयात, नोंदणी याचे नियम प्रत्येक देशात वेगळे, ते पैसे द्यायच्या आधी तपासा, नंतर नाही.

चालवून बघा, पण एकच नग चालवून मत बनवू नका. ज्याने कधी एमजीबी चालवलीच नाही त्याला वाईट एमजीबी पण "जुन्या गाड्या अशाच असतात" वाटते. अशा नसतात. क्लबातल्या कुणाची तरी नीट ठेवलेली गाडी एकदा चालवा, मग कळेल स्टेअरिंग किती हलकं असू शकतं आणि गाडी किती सरळ जाते. क्लबचे सभासद गाडी घ्यायच्या आधी व्हा, तिथल्या एखाद्या कुरकुऱ्या जुन्या माणसाला गाडी बघायला सोबत घेऊन जा, त्याला चहापाण्यावर खूश ठेवा, तो पाच मिनिटांत जे बघेल ते तुम्हाला दिवसभरात दिसणार नाही. चालवताना गिअर वर जाताना सोपे पडतात, खाली येताना बघा. १९६७च्या शेवटापर्यंतच्या एमजीबीला पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर न करकरता बसवणारी सोय) नाही, त्यामुळे चालत्या गाडीत पहिला टाकताना करकरलं तर दोष तुमचा, दुसऱ्या गिअरला करकरलं तर गिअरबॉक्सचा. ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) असेल तर लागतो का आणि सुटतो का दोन्ही बघा, लांबच्या रस्त्यावर त्याने इंजिनाचा आवाज आणि तुमचं डोकं दोन्ही शांत राहतं, असलेली मिळाली तर थोडे जास्त द्या. १९७४च्या शेवटी रबरी बंपर आले तेव्हा गाडीची उंची पण वाढवली, त्यामुळे त्या वळणावर जास्त झुकतात आणि क्रोम बंपरवाल्यांपेक्षा स्वस्त मिळतात. रविवारच्या चक्करीला काही फरक पडत नाही, चांगल्या पत्र्याची रबर बंपर मी कुजक्या क्रोमपेक्षा डोळे मिटून घेईन.

ब्रेक दाबताना आजच्या गाडीची सवय विसरा. एबीएस नाही, टायर अरुंद, आणि ड्रमवाल्या गाडीत लांब उतारावर ब्रेक तापून पकड सोडतात. अंतर ठेवून चालवायचं, दुसरा उपाय नाही.

किंमत ठरवताना सगळं बजेट गाडीवर घालवू नका, निदान पाव भाग हातात ठेवा. कितीही चांगली गाडी असली तरी पहिल्या वर्षात ती मागणार. टायर आधी बघा, खाच किती शिल्लक आहे ते नाही, बाजूचा चार आकडी कोड, २३१४ म्हणजे २०१४चा तेविसावा आठवडा, आणि तीनच आकडे दिसले तर टायर २०००च्या आधीचा, त्यावर घरापर्यंत सुद्धा चालवत नेऊ नका. ब्रेकचे रबरी होस, ब्रेक ऑइल, कूलंट, पंख्याचा पट्टा बदला. पेट्रोलचे रबरी पाइप सगळे बदला, आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर मऊ करतं आणि गरम मॅनिफोल्डवर ठिबकलं की आग, नवीन घेताना ३०आर९ दर्जाचा मागा आणि गाडीत अग्निशामक ठेवा. गिअर ऑइल दुकानदार म्हणेल "जीएल-५ वरचा दर्जा आहे, तेच घाला", नको, जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रोरिंगांना काही जीएल-५ ऑइलं सोसत नाहीत, मॅन्युअल बघा. एमजीबीच्या बॉक्सला तर इंजिन ऑइलच लागतं. शिशाच्या पेट्रोलचा प्रश्न बरेच जण विचारतात, ते जगात शेवटी २०२१ला अल्जीरियात बंद झालं, लोखंडी हेडच्या जुन्या इंजिनात व्हॉल्व सीट हळूहळू झिजतात, पण हळू चालवणाऱ्याला त्याची घाई नाही, कधी हेड उतरवायची वेळ आलीच तर कडक सीट टाकून घ्या. विमा ठरलेल्या किमतीचा घ्या, बाजारभावाच्या विम्यात ५० वर्षांच्या गाडीची किंमत कागदावर शून्याजवळ धरतात.

"नवीन क्लासिक घेतली तर त्रास कमी ना?" असंही एक जण मध्ये विचारून गेलाय. अर्धं खरं. एमएक्स-५च्या बाबतीत हो. पण १९९०च्या दशकाच्या सुरुवातीच्या काही मर्सिडीजमध्ये इंजिनाच्या वायरिंगचं आवरणच असं वापरलं होतं की उष्णतेने भुगा होऊन पडतं, १९७६च्या गाडीला तो रोग नाही. पॉइंट आणि कंडेन्सर रस्त्याच्या कडेला बदलता येतात, मेलेला कंट्रोल युनिट येत नाही. उलट टोकाला सिट्रोएन डीएस आहे, १९५५ची, आणि तिचं हायड्रॉलिक्स आजही भल्याभल्यांना जमत नाही, त्यात आधीच्या गाड्यांना लाल ऑइल आणि नंतरच्यांना हिरवं, चुकीचं घातलं तर अख्ख्या गाडीतली सील जातात. म्हणजे साल बघून त्रास मोजता येत नाही.

गुंतवणूक म्हणून घेताय का हे तुम्ही लिहिलं नाही, चांगलं केलंत. वाढली किंमत तर वाढली.

तर आता काम एवढंच. जीटीच्या मालकाला फोन करा, गाडी थंड ठेवायला सांगा, आणि जाताना टॉर्च, चुंबक, जुने कपडे न्या. दोन्ही कॅसल रेल, बॅटरीचे खोके, मागच्या स्प्रिंगचे पुढचे हँगर आणि चाकामागून मडगार्डच्या आतला भाग, एवढ्याचे जवळून फोटो काढून इथे टाका. चेसिस नंबरचा काढू नका, तो तुमच्याकडेच ठेवा. फोटो बघून किती कमी मागायचे ते सांगतो.